ब्रॉक पर्डीचा करार आणि सॅलरी कॅपचे गणित

सांता क्लारा, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला अमेरिकन फुटबॉल कळो वा न कळो, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघाची चर्चा काही चुकवता येत नाही. नाव सॅन फ्रान्सिस्कोचे असले तरी त्यांचे स्टेडियम 2014 पासून सांता क्लारातच आहे. 2025 च्या पहिल्या काही महिन्यांत येथे जेवणाच्या सुट्टीत एकच प्रश्न चघळला जात असे, तो म्हणजे ब्रॉक पर्डी या तरुण क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, किती पैसे द्यावेत. मे महिन्यात संघाने उत्तर दिले: 5 वर्षांसाठी 26.5 कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी 5.3 कोटी.

भारतातील वाचकांनी येथे आयपीएलच्या लिलावातील पर्स डोळ्यांसमोर आणावी. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्येही प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी सारखीच मर्यादा असते, आणि मालक कितीही गडगंज असला तरी ती ओलांडता येत नाही. हीच सॅलरी कॅप. 1994 मध्ये ती सुरू झाली तेव्हा 3.46 कोटी डॉलर होती. 2025 मध्ये ती 27.92 कोटींवर पोहोचली होती. लीगच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा खेळाडूंना मिळत असल्यामुळे, दूरचित्रवाणीचे हक्क महागले की कॅपही वाढते. या रकमेत 53 जणांचा संघ उभा करायचा असतो. साहजिकच एका माणसाला 5 कोटी दिले की बाकीच्या 52 जणांच्या वाट्यातून ते कमी होतात.

पर्डीची गोष्ट याच कारणाने विलक्षण ठरते. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, तो 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेलेला खेळाडू होता. त्याच्या आदल्याच वर्षी संघाने ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीतील अनेक निवडी मोजल्या होत्या. लान्स आणि जिमी गारोपोलो हे दोघेही जायबंदी झाल्यावर डिसेंबर 2022 मध्ये पर्डीवर धुरा आली, आणि पुढच्या पूर्ण मोसमात त्याने 4,280 यार्डांचे पासिंग करून संघाचा विक्रम मोडला व संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्या सर्व काळात त्याचा वार्षिक पगार 10 लाख डॉलरच्याही आत होता. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूला तीन मोसम पूर्ण होईपर्यंत नव्या कराराची बोलणीच करता येत नाहीत, असा 2011 पासूनचा नियम आहे. त्यामुळे उत्तम क्वार्टरबॅक जवळजवळ फुकटात मिळालेल्या या तीन वर्षांत फोर्टीनायनर्सना निक बोसासारख्या बचावपटूला 5 वर्षांसाठी 17 कोटी आणि ब्रँडन आयुकला 4 वर्षांसाठी 12 कोटींचे करार देणे परवडले. माझ्या मते पर्डीने संघाला दिलेली सर्वांत मोठी देणगी त्याच्या पासेसपेक्षा ही बचत होती, आणि ती कधीतरी संपणारच होती.

ती संपण्याची चाहूल लागताच 2025 च्या मार्चमध्ये संघाने घर आवरायला घेतले. डीबो सॅम्युएलला पाचव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात वॉशिंग्टनला धाडले; ड्रे ग्रीनलॉ आणि तलानोआ हुफांगा डेन्व्हरला, चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला आणि आक्रमक फळीतील एरन बँक्स ग्रीन बेला गेला. यातील प्रत्येक जाण्याचे कारण पर्डी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण 6 विजय आणि 11 पराभव अशा निराशाजनक मोसमानंतर वय, दुखापती आणि जुने करार यांचाही हिशेब चुकता करायचा होता. तरीही येणारे बिल डोळ्यांसमोर नसते तर एवढी माणसे एकदम सोडली गेली नसती.

आता कागदावरच्या आकड्याकडे वळू. वर्षाला 5.3 कोटी म्हणजे 2025 च्या कॅपच्या जवळजवळ 19 टक्के, पण कॅपच्या वहीत तेवढी रक्कम दरवर्षी पडतेच असे नाही. समजा, 4 कोटींचा साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करताना मिळणारी रक्कम, खेळाडूला लगेच मिळाला, तरी हिशेबात तो पाच वर्षांवर सारखा वाटता येतो, म्हणजे वर्षाला 80 लाख. पहिल्या वर्षांचे मूळ वेतन किमान ठेवले की सुरुवातीचा भार हलका राहतो आणि जड भाग पुढे सरकतो. फिलाडेल्फिया ईगल्सने जेलन हर्ट्सच्या बाबतीत हेच केले: त्याच्या कराराची सरासरी 5.1 कोटी असूनही 2024 च्या मोसमात कॅपवरील भार त्याच्या एकतृतीयांशाहून कमी होता, आणि तो मोसम त्यांनी सुपर बोल जिंकून संपवला. मात्र खेळाडू मधेच सोडावा लागला तर न वाटलेला बोनस एकदम अंगावर येतो. याला येथे डेड मनी म्हणतात. रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला 2024 मध्ये निरोप देताना डेन्व्हरला असा सुमारे 8.5 कोटी डॉलरचा भुर्दंड दोन वर्षांत सोसावा लागला.

मग थांबायचे का? पर्डीचे एक वर्ष शिल्लक होते आणि त्यानंतर फ्रँचायझी टॅग लावून त्याला वर्षभर धरून ठेवता आले असते; पण क्वार्टरबॅकचा टॅग 4 कोटींच्या वर असतो आणि ती सगळी रक्कम एकाच वर्षात मोजावी लागते. दरम्यान डॅक प्रेस्कॉट या डॅलसच्या क्वार्टरबॅकच्या वर्षाला 6 कोटींसारखे नवे आकडे दर वाढवतच राहतात. टीकाकारांचे म्हणणे असे की पर्डी चांगला आहे, पण काइल शॅनाहन या प्रशिक्षकाच्या पद्धतीने त्याला मोठे केले. 2024 मध्ये सोबतचे खेळाडू जखमी झाल्यावर 20 टचडाउनला (गुण मिळवून देणाऱ्या पासना) 12 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) हा हिशेब काही 5 कोटींचा नव्हे. हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. न्यूयॉर्क जायंट्सने डॅनियल जोन्स या क्वार्टरबॅकला एका बऱ्या मोसमावर 4 वर्षांसाठी 16 कोटी दिले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला सोडून दिले. परंतु जोन्सच्या मागे एकच मोसम होता, पर्डीच्या मागे ओव्हरटाइमपर्यंत, म्हणजे जादा वेळेपर्यंत, ताणलेला सुपर बोल होता, आणि 5.3 कोटी हा आकडा त्या वेळच्या सर्वोच्च दराच्या खाली होता. सगळे तोलून पाहता करार योग्य होता असेच मी म्हणेन.

त्यानंतरचा मोसम या वादाला नवे खाद्य देऊन गेला. सुरुवातीलाच पर्डीच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली, आणि स्वस्तात आणलेल्या मॅक जोन्स या दुसऱ्या क्वार्टरबॅकने आठ सामन्यांत सुरुवात करून त्यांपैकी पाच जिंकले. संघ 12 विजय आणि 5 पराभवांवर थांबला. ‘हेच काम एवढ्या कमी पैशात होते तर?’ असे विचारणारे लगेच पुढे सरसावले, परंतु आठ सामने निभावणे आणि पाच वर्षे संघ पेलणे यांत अंतर आहे. शिवाय पर्डीच्या कराराचा जड भाग अद्याप यायचा आहे. तो आला की सरव्यवस्थापक जॉन लिंच यांना वेतनाचे पुन्हा बोनसमध्ये रूपांतर करून भार आणखी पुढे ढकलायचा, की दुसऱ्या एखाद्या मोठ्या खेळाडूवर पाणी सोडायचे, हे ठरवावे लागेल.