आमची वाटचाल: प्रेसवरून तपासणीच्या टेबलापर्यंत

आमच्या फर्मची कामं दोन. शीट मेटलचे पार्ट तपासून देणं आणि जुन्या पॉवर प्रेसना, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनना, हात आत जाऊ नये म्हणून गार्ड बसवणं. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे. ग्राहक बहुतेक आमच्यासारखेच लहान, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांना ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर पुरवणारे प्रेसशॉपवाले. आमच्या टेबलांवर काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना हाताची, पायाची किंवा पाठीची कायमची दुखापत आहे. ही माणसं आम्ही ठरवून घेतली आहेत.

मी लातूर जिल्ह्यातला. आयटीआय फिटर करून पुण्याला आलो आणि एका प्रेसशॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो. २०१४ साली ५० टनी प्रेसवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पेडलवरचा पाय काढलेला होता, पार्ट उचलायला हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात घातला आणि रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, दुसऱ्यांदा खाली आला. याला डबल स्ट्रोक म्हणतात. की-क्लचच्या जुन्या प्रेसमध्ये ‘की’ नावाचा खटका फिरतं चाक (फ्लायव्हील) आणि रॅम चालवणारा क्रँक यांना जोडतो. ही की एकदा फ्लायव्हीलमध्ये अडकली, तर क्रँक पूर्ण फेरा मारल्याशिवाय थांबत नाही. ही की सोडवणाऱ्या खिट्टीची स्प्रिंग सैल पडली किंवा तुटली तर की सुटतच नाही आणि पाय काढलेला असला तरी रॅम पुन्हा येतो. ऑपरेटर कितीही सावध असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. तरीही जखमी माणसाला सगळ्यात आधी विचारतात, ‘लक्ष कुठं होतं?’ मला घरच्यांनीसुद्धा विचारलं.

माझं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरलेलं होतं आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली, म्हणून पुढचं निभावलं. उपचार चालू असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळत राहिली. नंतर मेडिकल बोर्डासमोर गेलो. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, चार गेली तर ५० टक्के. माझा पगार तेव्हा ९,००० होता. त्याचे ९० टक्के म्हणजे ८,१०० आणि त्याचे ३० टक्के म्हणजे महिना २,४३० रुपये. ही रक्कम आयुष्यभर मिळते आणि दुसरीकडे नोकरी धरली किंवा धंदा काढला म्हणून बंद होत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पेन्शन तुटेल या भीतीने घरी बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

अजून एक घोळ नेहमी होतो. ईएसआय बोर्डाची टक्केवारी आणि सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्ड कमाईची क्षमता बघतं, रुग्णालय अवयवाचं काम मोजतं. दिव्यांगांच्या बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. मी त्यात बसलो नाही. माझ्यासारखे बरेच असतात, ज्यांचा हातचा रोजगार जातो पण कागदावर ते दिव्यांग ठरत नाहीत.

कंपनीने मला हलकं काम म्हणून गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, तेही डाव्या हाताने. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण माझी बोटं गेली होती, प्रेसचं काम डोक्यातून गेलं नव्हतं. पार्टच्या कडेला बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत धार, चहूबाजूंनी सारखी येत असेल तर पंच-डायला (वरच्या-खालच्या कापणाऱ्या टूलला) धार लावायची वेळ झाली, एकाच बाजूला येत असेल तर डाय सरकली, हे मला अंगठा फिरवून कळत होतं आणि अजूनही कळतं. ज्याला हे कळतं त्याला गेटवर बसवणं यात मला कंपनीचंही नुकसान दिसत होतं.

तिथल्या क्वालिटीच्या काकांनी शिफ्ट संपल्यावर मला त्यांच्या टेबलाशी बसू दिलं. मापाच्या साधनांपैकी व्हर्निअर लवकर जमला. त्याहून बारीक मोजणाऱ्या मायक्रोमीटरने मात्र रडवलं. तो उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठीच घडवलेला असतो. डाव्या हाताला सोयीचा म्हणून उलटा धरला की स्लीव्हवरचे आकडे उलटे दिसतात आणि ०.०१ मिमीच्या रेघा वाचताना डोळे फिरतात. काकांनी तो स्टँडमध्ये आवळून दिला. आता धरायचं काही उरलंच नाही. करंगळी आणि अंगठ्याच्या चिमटीत पार्ट अँव्हिलला (मायक्रोमीटरच्या स्थिर टोकाला) टेकवायचा, डाव्या हाताने रॅचेट (मागची टिकटिक करणारी घुंडी) फिरवायचा, तीन वेळा टिक झालं की आकडा वाचायचा. साध्या स्टँडने माझं अडलेलं काम सुटलं. आजही नवीन माणूस आला की आम्ही आधी त्याच्यासाठी असं काय आवळून देता येईल, ते बघतो.

दुसरीकडे क्वालिटीची नोकरी मिळेल म्हणून बरेच प्रयत्न केले. लेखी परीक्षा, माप घेऊन दाखवणं, सगळं व्हायचं आणि जॉइनिंगच्या मेडिकलला नाव कटायचं.

२०१६ मध्ये ओळखीच्या एका प्रेसशॉपचा लॉट कस्टमरच्या लाईनवरून परत आला. काही ब्रॅकेटची होलं एनजी (नॉट गुड, म्हणजे नापास) होती आणि सगळा माल एकेक करून तपासायचा होता. मालकाकडे माणसं नव्हती. मी आणि माझ्या बायकोने त्यांच्याच शेडमध्ये बसून गो-नोगो पिन घालून सगळा लॉट वेगळा केला. गो पिन आरपार जायला हवी, नोगो अडायला हवी. नाही अडली तर पार्ट लाल बिनमध्ये. तिला हे काम दोन तासांत आलं आणि पुढे ती माझ्यापेक्षा भरभर करू लागली. त्या बिलावर आम्ही धंदा सुरू केला. उद्योग आधार, म्हणजे लहान उद्योगाची तेव्हाची सरकारी नोंदणी, काढला, मुद्रा योजनेतून ‘शिशु’ गटाचं ५०,००० रुपयांचं कर्ज घेतलं, त्यात मापं घ्यायला सेकंडहँड ग्रॅनाइट सरफेस प्लेट (सपाट दगडी पाट), उंची मोजणारा हाइट गेज आणि पिनांचा सेट आला. कागदपत्रं, बिलं आणि पुढे जीएसटी, सगळं तिने सांभाळलं. आज अर्धी फर्म तिची आहे, नावानेही.

पहिला माणूस घेतला तो माझ्याच वॉर्डात ॲडमिट असलेला. त्याचं डावं मनगट वळत नाही. त्याच्यासाठी रिसीव्हिंग गेज, म्हणजे पार्टच्या आकाराचा तपासणीचा साचा, ठोकळ्यावर पक्कं केलं, पार्ट वरून एका हाताने बसवायचा, बसला तर ओके. दुसऱ्याचा पाय दुचाकीच्या अपघातात गेला, तो बसून काम करतो आणि बिन त्याच्या हाताच्या उंचीवर तिरक्या ठेवल्या आहेत. एकाची पाठ हमाली करताना गेली. त्याला बसवत नाही, म्हणून त्याचं टेबल उंच आहे. यातल्या कशालाही फार पैसे लागले नाहीत. लोखंडी अँगल आणि एक दिवसाचं वेल्डिंग, एवढंच.

पगार आम्ही महिन्यावर देतो, नगावर नाही. या धंद्यात नगाचा रेट चालतो, पण नगावर पैसे दिले की दुखरा हात दुखणं दाबून पळतो आणि एनजी पार्ट ओकेमध्ये जातो. एक चुकीचा पार्ट कस्टमरकडे गेला तर महिन्याची कमाई जाते, त्यामुळे धंद्याच्या हिशोबानेही हेच बरोबर आहे.

लॉकडाउनचे महिने कठीण गेले, गाळ्याचं भाडं थकलं. पेमेंटचं दुखणं कायमचंच आहे. कायद्याने लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत यायला हवेत, पण ते वेळेवर देणारे थोडे.

गार्डचं काम २०१९ पासून घेतलं. ते मला आधीपासूनच करायचं होतं. इथं मालकांची एक समजूत पक्की असते की लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, लावला की प्रेस सुरक्षित. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या प्रेसवर ते खरं आहे, कारण तिथं रॅम मध्येच थांबवता येतो. की-क्लचवर किरण तुटला तरी रॅम थांबणार कसा? दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायचं कंट्रोलही डबल स्ट्रोकपुढे चालत नाही, कारण तोपर्यंत बटणं सोडून हात आत गेलेला असतो. या जुन्या प्रेसवर हात आत जाऊच नये हाच उपाय. म्हणून आम्ही डायभोवती पक्का गार्ड लावतो, पार्ट सरकवायला चूट किंवा स्लाइड बनवतो आणि जमेल तिथं टूल उघडल्यावरची फट ६ मिमीच्या आत आणतो, म्हणजे बोट शिरत नाही. ‘प्रॉडक्शन पडेल’ असं प्रत्येक मालक म्हणतो. पहिला आठवडा पडतंही. मग हात आत-बाहेर करणं वाचतं आणि ऑपरेटर बिनधास्त काम करतो.

भोसरी, चाकण, तळवडे भागात कुणाकडे की-क्लचचा प्रेस उघड्या डायवर चालत असेल तर आम्हाला बोलवा. माप घ्यायला आम्ही येतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि कामावर हात-पाय गमावलेला कुणी घरी बसून असेल तर त्याला गाळ्यावर पाठवा. येताना ईएसआयची कागदपत्रं आणि अपघाताच्या नोंदीची प्रत आणायला सांगा. आमच्याकडे जागा नसली तरी बायको ती कागदपत्रं वाचून पुढे कुठे काय अर्ज करायचा ते सांगते. शनिवारी दुपारनंतर ती याच कामाला बसलेली असते.