लातूर-उदगीरचे चार दिवस आणि अकरा डिस्क

दुकानांतल्या संगणकांना रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहील अशी डिस्कांची जोडी, बसवायला छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या एसटीने निघाले, तेव्हा पिशवीत अकरा डिस्क होत्या. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, रेणापूर फाटा आणि मग लातूर. सगळा रस्ता पिशवी मांडीवरच ठेवली. हार्ड डिस्क वरच्या फळीवर किंवा मागच्या डिकीत टाकू नका. बंद डिस्कला धक्का जरा जास्त सोसतो, पण खड्ड्यात आपटलेली डिस्क त्या दिवशी नीट चालते आणि दोन महिन्यांनी दगा देते. प्रत्येक डिस्क तिच्या मूळ पाकिटात ठेवा आणि भोवती टॉवेल गुंडाळा.

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात तीन डेस्कटॉप होते. दोघांवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या निघतात, तिसऱ्यावर खतावणी चालते. गेल्या वर्षी ऐन सोयाबीनच्या आवकेत पट्ट्यांच्या एका मशीनची डिस्क गेली आणि दोन दिवस हातानं पट्ट्या लिहाव्या लागल्या. माल विकून पट्टीसाठी दुकानाच्या पायरीवर बसलेला शेतकरी मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्याला घरी जायला उशीर होतो तो एका साध्या डिस्कमुळे, आणि तेवढा उशीर टाळता येतो, म्हणून हे काम मला मनापासून आवडतं. जायचंच असेल तर भाद्रपदात जा. दसऱ्याच्या सुमारास आवक सुरू झाली की यार्डात तुम्हाला मशीन उघडायला कुणी देणार नाही, आणि देऊही नये.

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी या कल्पनेवर निबंध लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांची जुळणी करावी, असा त्यांचा मुद्दा होता. दुकानाच्या डेस्कटॉपला त्यातला एकच प्रकार लागतो, तो रेड १. दोन डिस्कांवर तेच लिहिलं जातं आणि एक गेली तर दुसरीवर काम चालू राहतं. रेड ० वेग देतो, पण एक डिस्क गेली की सगळंच जातं, त्यामुळे हिशेबाच्या मशीनवर तो नकोच. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि डेस्कटॉपच्या डब्यात तेवढी जागा सहसा नसते.

जागेवरूनच माझा पहिला अर्धा दिवस गेला. दोन मशीन उभ्या कॅबिनेटच्या होत्या. त्यांत दुसऱ्या डिस्कचा कप्पा होता, पण एकीत पॉवरची मोकळी पिनच नव्हती. तिसरी चपटी होती आणि तिच्यात साडेतीन इंची एकच डिस्क बसत होती. तिला अडीच इंची दोन एसएसडी लावल्या. निघण्याआधी दुकानातल्या कुणालाही झाकण काढून आतला फोटो पाठवायला सांगा. डिस्क जोडायची साटा केबल, पॉवरचा स्प्लिटर आणि अडीच इंची डिस्क बसवायची धातूची पट्टी पिशवीत असू द्या. लातुरात मिळतात, पण दुपारी ऊन चढल्यावर त्यासाठी गंजगोलाईच्या बाजारापर्यंत फेरी मारणं नको वाटतं.

हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर, म्हणजे माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी, आहे याची खात्री करून घ्या. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून नवी डिस्क जुळवताना, म्हणजे जोडीतल्या दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरवताना, ती रडतखडत चालते. शक्य असेल तर जोडीतल्या दोन्ही डिस्क एकाच पेटीतल्या घेऊ नका.

आता मुख्य काम. विंडोज आधीपासून चालू असलेल्या मशीनचं बायोसमधलं, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधलं, साटा एएचसीआयवरून (सुट्या डिस्कांच्या नेहमीच्या पद्धतीवरून) थेट रेडवर नेलं, तर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसतं. त्याला स्टार्टअपसाठी लागणारा ड्रायव्हर जागा झालेला नसतो. मी करते ते असं. पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर तो तात्पुरता थांबवते आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून मालकाच्या ताब्यात देते. मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून बंद करते. बायोसमध्ये रेड ऑन करते. त्यात शिरायची कळ डेलला बहुधा एफ २, एचपीला एफ १०, लेनोव्होला एफ १. एकदा सेफ मोडमध्ये मशीन वर आली की तो ड्रायव्हर जागा होतो आणि सेफ मोड काढून टाकता येतो. त्यानंतर नव्या दोन डिस्कांची जोडी करते आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवते. जोडी करताना त्या डिस्कांवर आधी असलेलं पुसलं जातं, म्हणून जुनी डिस्क त्या वेळी केबल काढून बाजूला ठेवायची. काम संपल्यावर ती कागदात गुंडाळून महिनाभर कपाटात.

नव्या पिढीच्या इंटेल मशीनवर विंडोज कोरं टाकत असाल तर कदाचित डिस्कच दिसणार नाहीत. घाबरू नका, डिस्क खराब नाहीत. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच घेऊन जा आणि इन्स्टॉलच्या वेळी ‘लोड ड्रायव्हर’ने द्या.

जोडी करताना पूर्ण जागा वापरू नका, पाच टक्के सोडा. बदली डिस्क मूळ डिस्कपेक्षा थोडीही लहान निघाली तर जोडीत घेतली जात नाही. नावाला दोन्ही एक टेराबाइटच्या असल्या तरी कंपनी बदलली की आकडा थोडा सरकू शकतो.

जुळवायचं एक टेराबाइट, सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने, म्हणजे कागदावर दोन तासांच्या आत. माझ्या जुळवणीला पाच तास लागले, कारण मध्येच दुपारी वीज गेली. दोन मशीन यूपीएसवर होत्या, त्यांना कळलंही नाही. तिसरी इन्व्हर्टरवर होती आणि तेवढ्या क्षणाच्या झटक्यात बंद पडली. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जायला लावतो तो क्षण पंख्याला चालतो, संगणकाला चालेलच असं नाही. मालकाकडे रेडचा खर्च मागण्याआधी यूपीएसचा मागा. सोबत अर्थिंगही तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमनला बोलवा. आपल्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालायची आठवण कुणालाही राहत नाही.

रेडच्या प्रोग्राममध्ये ‘नॉर्मल’ असं हिरवं दिसलं की अनेक जण पिशवी आवरतात. मी तेव्हा दिवाणजीकाकांना खुर्चीवर बसवलं, मशीन बंद केली आणि त्यांच्यासमोर एका डिस्कची केबल काढली.

“काय करूलालाव ओ ताई, चांगलं चालू होतं की!”

“काका, आता सुरू करा आणि एक पट्टी काढा.”

पिवळी खूण आली, ‘डिग्रेडेड’ लिहिलेलं दिसलं, आणि पट्टीही निघाली. काकांनी ती हातात धरून दोनदा वाचली. मग त्यांनीच विचारलं, पिवळं दिसल्यावर कुणाला फोन करायचा आणि तोवर काम करायचं का. हे प्रश्न त्यांच्या तोंडून आल्याशिवाय मी तिथून निघत नाही. काम करायचं, पण त्याच दिवशी फोन करायचा. कारण आता उरलेली डिस्क एकटी आहे. केबल परत लावून जुळवणी पुन्हा सुरू केली. दोन्ही डिस्कांवर पोर्ट क्रमांक आणि सिरियल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांची चिठ्ठी चिकटवली. गडबडीत चांगली डिस्क काढून बिघडलेली आत ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे, त्यानंतर वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. प्रत्येक प्रकारची एक जादा डिस्क काकांच्या टेबलाच्या खणात, त्यांच्या किल्लीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका निवांत म्हणाले, आता कॉपी काढायची गरज नाही ना. गरज आहे. चुकून एक खातं पुसलं, तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जातं. व्हायरस आला तर दोन्हीकडे येतो. बाहेरच्या दोन डिस्क दिल्या आहेत. एक दुकानात, एक शेठच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल.

तिसऱ्या दिवशी उदगीर. डाळ मिलमधल्या एका मशीनला नवी जोडी बसवली, ते सरळ झालं. पण दुसरीत आधी कुणीतरी लावलेली जोडी होती आणि ती ‘बिघडली’ म्हणून मला बोलावलं होतं. पडद्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसत होती. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला होता, बायोस मूळ सेटिंगवर गेलं होतं आणि रेड बंद झालं होतं. दोन डिस्क वेगवेगळ्या दिसत होत्या. अशा वेळी विंडोज अजिबात सुरू होऊ देऊ नका. एका डिस्कवर थोडं जरी लिहिलं गेलं, तरी दोघींचा मेळ तुटतो. सेल बदला, बायोसमध्ये तारीख आणि रेड परत लावा, मगच पुढे जा. इथे नशिबानं कुणी काही दाबलं नव्हतं, जोडी जशीच्या तशी सापडली. पिशवीत चार सेल न्या आणि जुन्या मशीनचा सेल न विचारता बदला. पंख्यावर डाळीची भुकटी बोटभर साचली होती. ब्लोअर नेला नसता तर त्या गरमीत नव्या डिस्कही फार टिकल्या नसत्या. मशीन मिलच्या शेडमधून काचेच्या केबिनमध्ये हलवायला लावली.

चौथ्या दिवशी परतीच्या गाडीआधी पुन्हा यार्डात डोकावले. तिन्ही मशीनवर हिरवं होतं. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनात इथे संगणकालाही हळद-कुंकू वाहतात. काकांना सांगून आले की त्या दिवशी पूजेआधी ताजी कॉपी घ्या, आणि कुंकू पडद्याच्या कडेला लावा, पंख्याच्या जाळीवर नको.