डोळे फाडून काय बघता?

दिवे गेले की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'थांबा, कोणी हलू नका.' सल्ला शहाणपणाचा आहे, फक्त थांबायचं किती ते कोणी सांगत नाही. पलंगाला ठेच न लागता मेणबत्तीपर्यंत पोहोचायचं असेल, तर पाचेक मिनिटं. आणि अंधारात दिसेल तेवढं सगळं दिसायला हवं असेल, तर निदान अर्धा तास.

पहिल्या काही सेकंदांत डोळा सोपं काम उरकून घेतो. बाहुली मोठी करतो. उन्हात जेमतेम २ मिलिमीटरचं असलेलं हे भोक तरुण डोळ्यात ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडतं. व्यास चौपट झाला, म्हणजे उजेड सोळापट आत आला. ऐकायला बरं वाटतं; पण भर दुपारचं ऊन आणि पौर्णिमेचं चांदणं यांत साधारण चार लाख पटींचा फरक आहे. सोळापटीनं तिथे काय भागणार? त्यातून वय वाढलं की बाहुली पूर्वीसारखी उघडतही नाही.

बाकीचं काम रसायनाचं, आणि ते आपल्या वेळेनंच होतं. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख आणि दंडाकार पेशी नऊ ते बारा कोटी. शंकू उजेडातले, रंग बघणारे, दंड अंधारातले. दंडांत ऱ्होडोप्सिन नावाचं जांभळट लाल द्रव्य असतं. १८७६ साली फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या डोळ्यात त्याचा रंग उजेडात उडताना दिसला. त्यातला 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला तुकडा वाकडा असतो. प्रकाश पडला की तो सरळ होतो, आणि त्याच क्षणी पेशीला खबर मिळते. पण सरळ झालेला तुकडा पुन्हा उपयोगाचा नाही. तो शेजारच्या थरात जातो, तिथे परत वाकवला जातो आणि मग माघारी येतो. लख्ख उजेडात हा साठा बराचसा खलास झालेला असतो. दिवे गेल्यावर तो हळूहळू भरत जातो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो यामुळेच. (ते पुरेसं असताना गाजरं खाऊन रात्रीचं जास्त दिसू लागत नाही, एवढं गाजरप्रेमींना सांगून ठेवलेलं बरं.)

या भरण्याला मध्येच एक थांबा आहे. आधी शंकू सावरतात, पाच-सात मिनिटांत त्यांची मजल संपते आणि सुधारणा अडते. बहुतेक जण इथेच 'सरावले डोळे' म्हणून मोकळे होतात. खरी गंमत त्यानंतरची. दहाव्या मिनिटाच्या आसपास दंड शंकूंना मागे टाकतात आणि पुढे वीस-तीस मिनिटं सुधारतच राहतात. शेवटी डोळा किती तल्लख होतो? १९४२ साली हेश्ट, श्लेअर आणि पिरेन या संशोधकांनी मोजलं : दृष्टिपटलात प्रकाशाचे पाच ते चौदा कण शोषले गेले, तरी माणसाला चमक जाणवते.

या तल्लखपणाची किंमत मोजावी लागते. कित्येक दंडांची खबर एकाच तारेवरून मेंदूकडे जाते, म्हणून बारकावे पुसले जातात. चांदण्यात वर्तमानपत्र दिसतं, बातमी वाचता येत नाही. रंगही जातात, आणि तेही एकदम नाही. तिन्हीसांजेला अंगणातल्या जास्वंदीकडे बघा. दुपारी पानांवर उठून दिसणारं लाल फूल आधी काळं पडतं, पानं मात्र अजून फिकी उजळ असतात. दंडांना हिरवट निळा उजेड सर्वांत जास्त कळतो, लाल जवळजवळ कळतच नाही. आकाशनिरीक्षक टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावतात तो याचसाठी. मात्र उजेड मंदच हवा. लाल असला तरी भगभगीत टॉर्च जमवलेलं सगळं घालवतो.

आता डोळे फाडून बघण्याविषयी. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे रोखलेली नजर पडते, तिथे दंड मुळीच नसतात. तेवढी जागा रात्री आंधळीच. दंडांची सर्वांत दाट गर्दी मध्यापासून वीसेक अंशांवर. म्हणून अंधारात कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसतं आणि वळून रोखून बघावं तर तिथे काही नाही! भुतांचा निम्मा संसार या जागेवर उभा असावा. उरलेला संसार मेंदू उभा करतो. तपशील तुटपुंजा मिळाला म्हणून तो गप्प बसत नाही. बाभळीच्या खोडाला खांदे लावून देतो. माळावरचा एकटाच दिवा टक लावून बघितला तर सरकताना दिसतो, कारण आजूबाजूच्या काळोखात तो कशाच्या आधारानं स्थिर आहे हे ठरवायला काहीच नसतं.

नजरेचा मध्य रात्री आंधळा असतो, हे ठाऊक असण्याचा उपयोगही होतो. कार्तिकी अमावास्येला रात्री आठ-नऊच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून लांब, उत्तरेला बऱ्याच उंचावर देवयानी दीर्घिका असते, २५ लाख प्रकाशवर्षांवर. तिच्यावर नजर रोखली की विरघळते. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. तेवढं, फार तर दीड मूठ, बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. धुरकट लांबट डाग उमटतो. दुर्बिणीला एकच डोळा लावला असेल, तर वस्तू नाकाच्या बाजूला राहील असं बघायचं. कानाच्या बाजूला प्रत्येक डोळ्याचा एक अंधबिंदू असतो. तिथे गेली तर आहे तेवढीही हरवेल.

रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावायचा झालाच, तर आधी एक डोळा घट्ट मिटून वर तळहात धरावा. ऱ्होडोप्सिनचा साठा ज्या त्या डोळ्याचा वेगळा असतो. दिवा मालवून मग डोळे आळीपाळीनं झाकून बघा : एकाला उशाशी ठेवलेला तांब्या दिसतो, दुसऱ्याला नुसता काळोख.