जेम्स डीनचा जिम आधी आवाज बंद करून बघा

गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेची तालीम असो की देवळाच्या उत्सवातलं नाटक, आपल्याकडे बंडखोर पोराची भूमिका मिळाली की नट पहिल्या वाक्यापासून ओरडतो. पुढे चढायला जागाच उरत नाही. अशा नटाने 'रिबेल विदाउट अ कॉज' (1955) या अमेरिकी चित्रपटात जेम्स डीनने केलेला जिम हा बंडखोर पोरगा अभ्यासावा.

आधी प्रत तपासा. निकोलस रे यांचा हा चित्रपट सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीतला, 2.55:1, म्हणजे रुंदी उंचीच्या 2.55 पट. आजच्या 16:9 टीव्हीवर वर-खाली मिळून सुमारे 30 टक्के पडदा काळा राहायला हवा. चित्राने पडदा पूर्ण भरला असेल तर कडा कापल्या आहेत आणि माणसामाणसांतलं अंतर गेलं. या चित्रपटात ते अंतर फार बोलतं.

मग आवाज बंद करून सुरुवात बघा. झिंगलेला जिम रस्त्यावर आडवा पडून खेळण्यातल्या माकडाला कागद पांघरतो. रुंद चौकट आडव्या देहाने भरते आणि बंडखोर आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोच कुणालातरी निजवताना! पोलीस ठाण्यात तो मुठी टेबलावर आपटतो. राग बाहेर पडतो, पण लागतं त्यालाच. घरी आल्यावर दुधाची गार बाटली तोंडाला लावतो, मग चेहऱ्यावर फिरवतो. एकही शब्द न बोलता डोक्यातली आग कळते. जिन्यावरच्या भांडणात तो बापाची गचांडी धरतो, तीही 'माझ्या बाजूने उभा राहा' या मागणीसाठी. माझ्या मते सगळी भूमिका या मागणीवर उभी आहे.

प्रत्येक प्रसंगापुढे तीन गोष्टी लिहा: हातात काय आहे, भार कुठल्या पायावर आहे, नजर कुणावर आहे. आवाज त्यानंतर ऐका.

त्याचं पुटपुटणं मात्र उचलू नका. ते माइकने टिपलेलं आहे. रवींद्र भवनासारख्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. शब्द स्वच्छ फेका, डीनकडून वस्तू हाताळणं घ्या, आणि ती हालचाल थोडी मोठी, थोडी सावकाश करा.

जिमचं ते लाल जाकीट तालमीच्या अगदी शेवटी घाला. ते आधी चढवलं की खांदे पडतात, हनुवटी छातीला लागते. डोळ्यांवर प्रकाश येत नाही आणि वाक्याचा शेवटचा शब्द घशातच राहतो.