सकाळी बॅडमिंटन, संध्याकाळी मैफल: सोलापुरातला एक दिवस

बंदिस्त हॉलमधला खेळ आणि गाण्याची मैफल एकाच दिवसात उरकायची असेल, तर सोलापूरसारखं सोयीचं शहर नाही. पुण्यात एवढ्यासाठी अर्धा दिवस रस्त्यावर जातो. इथे कुमठा नाक्याचं जिल्हा क्रीडा संकुल आणि पार्क चौकातलं हुतात्मा स्मृती मंदिर यांच्यामध्ये रिक्षाची छोटीशी फेरी. खेळ आणि गाणं दोन्हींना पुरेल असा एकच मोठा, नीट बांधलेला हॉल या शहराला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. इथला प्रेक्षक त्या लायकीचा आहे.

आम्ही मार्चअखेरीस भाचीच्या सामन्यांसाठी गेलो होतो. मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी एक लक्षात ठेवावं. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, झुळकेनेही वाट सोडतं. त्यामुळे सामना सुरू झाला की पंखे बंद, खिडक्या बंद. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतो. गरम हवा विरळ असल्याने शटल लांब जातं, म्हणून इथे उन्हाळ्यात ७७ ऐवजी ७६ नंबरचं (हा नंबर शटलच्या वेगाचा), जरा संथ शटल बरं पडतं. सरावासाठी दोन्ही नंबर सोबत ठेवा. भाची दर दोन-तीन गुणांनी रॅकेटची मूठ पुसत होती, आणि टॉवेल अर्थातच सोलापुरी टर्किश! रॅकेटची जास्तीची ग्रिप आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी न विसरता घ्या. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलीच स्पर्धा निवडा.

संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिर. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांचे पुतळे जवळच आहेत. आत शिरण्याआधी पाच मिनिटं तिकडे जाऊन या. पुण्याहून येणाऱ्या ‘हुतात्मा एक्स्प्रेस’चं नावही त्यांच्याच स्मरणार्थ.

मैफलीचा शेवट माझ्या मनातून जात नाही. गायकाने भैरवीआधी कन्नड वचन, म्हणजे लिंगायत संतांची छोटी रचना, घेतलं आणि मागच्या रांगांतून लोक हलकेच सोबत गुणगुणू लागले. बाराव्या शतकातले वचनकार सिद्धरामेश्वर याच गावचे, त्यामुळे ते वचन इथे परकं नव्हतंच. लगेच पाठोपाठ विठ्ठलाचा अभंग आला, आणि पंढरपूरही याच जिल्ह्यातलं. शेजारच्या काकू आधी कन्नडमध्ये पुटपुटत होत्या, अभंगाला टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. असा श्रोता मोठ्या शहरात पैसे मोजूनही मिळत नाही. बसायला मधल्या रांगा घ्या. अगदी पुढे बसलं की स्पीकरचा आवाज अंगावर येतो आणि तानपुरा हरवतो.

गाड्यांचं गणित आधी मांडा. संध्याकाळच्या कार्यक्रमाला मुंबईहून वंदे भारत किंवा पुण्याहून हुतात्मा उपयोगाच्या नाहीत, दोन्ही रात्री दहाच्या आसपास किंवा त्यानंतर पोचतात. पुण्याहून सकाळची इंद्रायणी धरा, दुपारी सोलापुरात. परतीला मुंबईकरांसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहानंतर सुटते. मैफल रंगली तर धावपळ होते, म्हणून मुक्काम केलेला बरा. वेळा बदलतात, तिकीट काढताना पुन्हा बघाच. स्टेशनबाहेर ‘पार्क चौक’ म्हटलं की रिक्षावाले लगेच ‘बसा की’ म्हणतात. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची, म्हणजे त्या सिद्धरामेश्वरांचीच, गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा होम मैदान, किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिराचा सगळा परिसर माणसांनी भरलेला असतो आणि गाडी पार्क चौकाच्या जवळ न्यायचा विचारही नको. यात्रा बघायची असेल तर खुशाल या, हॉलमधल्या कार्यक्रमासाठी मात्र तो आठवडा टाळा.

जेवण कार्यक्रमाआधीच उरका, शेवटी भूक आणि गाणं दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही एवढं पुरे होतं. शेंगा पोळी बांधून घ्या, चार-पाच दिवस सहज टिकते. चादरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडल्यावर निवांत बघाव्यात, घाईत रंग नीट कळत नाहीत.