दोन नावे, एक अर्ज

गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जासाठीचा माझा अर्ज आज अखेर पुरा झाला. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी करायचा, ही इच्छा जुनी आहे. पण बाबांच्या लहानशा कुळागराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या, उत्पन्नातून फी, पुस्तके आणि फोंड्याहून मिरामारच्या लॉ कॉलेजपर्यंतचा रोजचा प्रवास भागणे शक्य नव्हते.

पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला वेळेत मिळाला होता. उत्पन्नाचा दाखला मात्र अडला होता, कारण रेशनकार्डावर बाबांचे नाव 'विठ्ठल' आहे आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर 'विठू'. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, अशा प्रतिज्ञापत्रावर बाबांनी एकेक अक्षर जपून, इतकी सावकाश सही केली की नोटरीही हातातले काम थांबवून पाहत राहिले.

मला वकील का व्हायचे आहे, हे त्या कागदांतच होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलीला मुलाइतकाच वारसाहक्क आहे, तरीही माझ्या आत्येने लग्नानंतर, कुणी वाचून न दाखवलेल्या हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला. तिच्यासारख्या बायकांना सही करण्याआधी कागद समजावून सांगणारे माणूस गावातच हवे, असे मला मनापासून वाटते.

कर्ज बिनव्याजी असले तरी मुद्दल फेडायचेच आहे आणि नव्या वकिलाची सुरुवातीची मिळकत तुटपुंजीच असते, याची मला भीती वाटते. संध्याकाळी आत्येचा फोन आला. तिने एवढेच विचारले, "अर्जातले सगळे नीट वाचून मगच सही केलीस ना गो?"