गच्चीवरचा अँटेना

विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या मोबाइल ॲपच्या नकाशावर सरकणारी ती पिवळी विमानं कुठून येतात, हे आज प्रतापनगरात मावसभावाच्या गच्चीवर बघायला मिळालं. हातभर लांब अँटेना, सिग्नल पकडणारं एक यूएसबी डोंगल आणि छोटासा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर. बस, एवढंच!

सरकारी रडारवर हे फारसं अवलंबूनच नाही. विमान स्वतःच जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि साधारण सेकंदाला दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर सांगून टाकतं: मी कोण, कुठे, किती उंचावर, किती वेगात. याला एडीएस-बी म्हणतात. संदेश उघडा असतो, रिसीव्हर असेल त्याने ऐकावा. मध्ये अडथळा नसेल तर उंचावरचं विमान ३०० किलोमीटरवरूनही ऐकू येतं. २००६ साली स्वीडनमध्ये सुरू झालेलं फ्लाइटरडार२४ हे विमानांचा नकाशा दाखवणारं ॲप अशाच हौशी लोकांच्या हजारो गच्च्यांवर उभं आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

काही विमानं जागा सांगतच नाहीत. मग त्यांचा सिग्नल चार-पाच रिसीव्हरांपर्यंत किती वेळेच्या फरकाने पोचला, त्यावरून जागेचा हिशेब करतात. भर समुद्रात उपग्रह ऐकतात.

आणि आपलं नागपूर तर देशाच्या मधोमध! इथल्या सोनेगाव विमानतळावर न उतरणारीसुद्धा कितीतरी विमानं डोक्यावरून जातात. दादा म्हणाला, "हे बघ, मुंबईहून कोलकात्याला चाललं." वर पाहिलं, खरंच होतं.

आमच्याही गच्चीवर लावायचा ठरवलाय. विदर्भात कोणी बसवला असेल तर सांगा, पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी जाऊ नये म्हणून काय करता?